सतरा पायऱ्यांचं पाणी

माझ्या मुलाला एक वाईट खोड आहे. तो वाचतो. माणसानं वाचू नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि औषधाच्या पाकिटावरची तारीख अजून चष्म्याशिवाय वाचते. पण वाचून झालं की लोक पुस्तक मिटतात, फोन खिशात ठेवतात आणि जेवायला बसतात. हा तसं करत नाही. याला वाचलेलं करून बघायचं असतं, आणि तेही कायम खालच्या मजल्यावर, जिथे मी राहते. वरच्या मजल्यावर तो आणि सूनबाई राहतात, तिथे आजवर काहीही वाचलेलं घडलेलं नाही.

मागे त्यानं उजेडाबद्दल वाचलं, तेव्हा माझ्या खोलीतला दिवा बदलून असा पांढराफटक लावला, की आरशात मीच मला आजारी दिसायला लागले. मग हवेबद्दल वाचलं, तेव्हा माझ्या खिडकीचे पडदे गेले. या खेपेला त्यानं पाण्याबद्दल वाचलं.

जेवताना सांगायला लागला. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं म्हणे. ते कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, मूतखडा होतो. झाडांचं तेच आणि जमिनीचंही तेच. जगात पाणी अफाट, पण पिण्याजोगं ओंजळभर. आणि तेवढं ओंजळभर पाणी आपण अंगावर ओतून घेतो आणि गटारात सोडून देतो. मी म्हणाले, वाईटच आहे, आणि त्याला आणखी भाजी वाढली. माझी चूक झाली ती इथे. त्याच्या बोलण्याला मान डोलावली की तो ती परवानगी समजतो.

दुसऱ्या दिवशी घरात दोघं आले. एक बाटली आणि एक प्लंबर.

बाटली माझ्यासाठी होती. अडीच लिटरची, निळी, अंगभर रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी वेळ लिहिलेली. आठ वाजता इथवर, दहा वाजता इथवर, असं करत संध्याकाळी सहाला तळ गाठायचा. तळाशी "शाब्बास" असं छापलेलं. सत्तर वर्षांच्या बाईला आता बाटली शाबासकी देणार. फ्रिजवर त्यानं एक कागद चिकटवला. रोज कामावरून आला की बाटली रिकामी आहे का बघायचं आणि कागदावर बरोबरची खूण करायची. म्हणाला, आई, तू पाणी फार कमी पितेस.

ते मात्र खरं होतं. मी बावीस वर्षं कपडे शिवायच्या कारखान्यात होते. तिथे बायकांच्या संडासाला कुलूप असे आणि किल्ली सुपरवायझरच्या खिशात. सगळ्यांदेखत त्याच्यापुढे जाऊन हात पुढे करायचा. अशा ठिकाणी बाई पाणी पीत नाही. ती घरी येऊन पिते. पुढे कारखाना सुटला, सवय काही सुटली नाही. हे मी मुलाला कधी सांगितलेलं नाही. मुलांना सांगण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात. आई मशिनवर बसायची एवढं त्यांना माहीत असलं की पुष्कळ झालं.

प्लंबर मात्र सगळ्या घरासाठी होता. त्याला मी पहिल्याच दिवशी "दोनदिवसे" असं नाव ठेवलं, कारण त्याच्या मते जगातलं कुठलंही काम दोन दिवसांचं असतं. बेत असा होता, की वरच्या मजल्यावरचं अंघोळीचं आणि कपडे धुवायच्या मशिनचं पाणी गटारात न जाता मागच्या माझ्या बागेत यायचं. बाग म्हणजे काही मोठी नाही. सहा गुलाब, पुदिन्याचा एक वाफा आणि एक लिंबाचं झाड. पण लिंबाचं झाड असं, की समोरच्या घरातल्या नर्सपासून शेजारच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्या गल्लीच्या जेवणात ते असतं. मी बी टाकून वाढवलंय. पहिलं लिंबू यायला सात वर्षं लागली आणि तोवर रोज सकाळी सहाला मी त्याला नळीनं पाणी घातलंय. मुलानं एवढी वर्षं कशाची वाट बघितलेली मला आठवत नाही.

दोनदिवसेनं फरशीवर पकडीनं ठोकून पाहिलं, कान लावला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतो तसं मुलाला बाजूला घेतलं. अंघोळीचं पाणी आणि संडासाचं पाणी माझ्या संडासाच्या फरशीखाली एकमेकांना मिळतात. ती वेगळी करायची तर फरशी फोडावी लागेल. दोन दिवसांचं काम. मुलगा हो म्हणून ऑफिसला गेला. दुपारी बारापर्यंत फरशी फुटली होती आणि माझ्या संडासाचं भांडं मागच्या अंगणात लिंबाखाली, सगळ्या गल्लीला दिसेल असं, ऊन खात बसलं होतं.

फोडताना आणखी एक झालं. चांगल्या पाण्याचा जुना पाइपही त्याच फरशीखालून जात होता. तो आडवा आला म्हणून दोनदिवसेनं कापला आणि टाकीपासून नवा पाइप हॉलच्या भिंतीतून घालून वर गिलावा करून टाकला. कामात माणूस चोख होता, हे मी नाकारणार नाही. घरात मी एकटीच होते, तेव्हा मला बोलावून त्यानं भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढून दाखवली आणि सांगितलं, "आजी, इथून इथवर नळी आहे. इथे कधी खिळा ठोकू नका." मी ते लक्षात ठेवलं. मला सांगितलेलं मी लक्षात ठेवते. घरात त्याबद्दल मला कोणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी. पेन्सिलीची रेघ पुढच्याच आठवड्यात सूनबाईनं ओल्या फडक्यानं पुसली, कारण तिला भिंत स्वच्छ लागते.

आता शेजारचे हेडमास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून सगळी गल्ली त्यांच्या वर्गात बसलेली आहे. कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून त्यांनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सल्ले द्यायला सुरुवात केली. साबणाचं पाणी गुलाबाला उत्तम. साबणाचं पाणी लिंबाला घातक. गुलाब आणि लिंबू एकाच वाफ्यात आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग प्रमाणात घालावं. भांडं टाकून देऊ नका, त्यात शेवंती फार छान दिसते. मी म्हटलं, तुमच्या घरचं काढा आणि आधी लावून दाखवा. त्यावर ते आत गेले आणि पाणीखात्याला अर्ज लिहिला, की शेजारी चालू असलेलं काम परवानगीनं आहे किंवा कसे. हे त्यांनी संध्याकाळी स्वतःच येऊन आम्हाला सांगितलं. का, तर शेजाऱ्यांत गैरसमज नको.

तिसऱ्या दिवशी खात्याचा माणूस टेप घेऊन आला. खड्डा मोजला, दार मोजलं, माझ्याकडेही अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता मलाही मोजतो. मग संडासाच्या दारावर छापील कागद चिकटवून गेला. परवानगी मिळेपर्यंत आत काही हलवायचं नाही. दोनदिवसेनं हत्यारं पिशवीत भरली. एवढ्या आनंदानं काम करताना मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. जाताना त्यानं वरच्या बाथरूमचं आणि मशिनचं पाणी तात्पुरतं म्हणून एका लांब नळीनं खिडकीतून खाली सोडलं, थेट लिंबाच्या बुंध्याशी. त्याच्यावर काही कागद नव्हता.

परवानगीसाठी मलाच खात्यात जावं लागलं, कारण घर माझ्या नावावर आहे. मुलगा सोबत आला. तीन तास रांग. खिडकीमागे एक कारकून होता, तो कागद बघून म्हणाला, घर तुमच्या नावावर असेल, पण पाण्याचं मीटर यांच्या नावावर आहे. यांच्या म्हणजे आमच्या ह्यांच्या. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तसं मी सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "मग त्यांचं संमतीपत्र आणा."

मी म्हटलं, "आणलं तर तुम्ही घ्याल का?"

तेव्हा त्यानं मान वर केली. मग म्हणाला, आधी मीटरचं नाव बदलायचं, मग परवानगीचा अर्ज. मृत्यूचा दाखला, दोन फोटो आणि तीन सह्या. दाखला आणि फोटो मी नेलेच होते. सह्या केल्या. कारकुनानं तिन्ही सह्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, आजी, या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. मी म्हटलं, तुमच्या इथे सकाळपासून उभी आहे, पहिली जरा ताजी होती. चौथ्या सहीला तो मानला.

त्या खात्याच्या व्हरांड्यात भिंतभर एक चित्र होतं. डोळे आणि ओठ असलेला पाण्याचा थेंब, आणि खाली लिहिलेलं: मी आहे म्हणून तुम्ही आहात. चित्राखाली थंड पाण्याचं मशिन, कोरडंठाक, आत कोळी राहायला आलेला. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. मला एकदम कारखान्यात आल्यासारखं वाटलं.

अर्जावर फक्त शिक्का पडायचा राहिला होता, तेवढ्यात दुसऱ्या खिडकीवर चौकशी करायला गेलेला मुलगा उड्या मारत आला. हातात एक रंगीत कागद. खात्यानं स्पर्धा ठेवली होती, जलमित्र घर. पुढच्या एक तारखेपासून महिनाभरात ज्या घरात माणशी सगळ्यात कमी पाणी वापरलं जाईल, त्याला समारंभात पाटी. त्यानं माझा अर्ज खिडकीतून मागे ओढला. खालच्या आवाजात मला समजावलं, की मीटरच्या नोंदीत अजून घरात चार माणसं आहेत. बाबा, आई, तो आणि सूनबाई. आत्ता नाव बदललं तर तीनच होतील. चार असली तर भागाकार चांगला येतो.

"महिन्याभराचाच प्रश्न आहे, आई," तो म्हणाला. "वर आहे की बाथरूम."

मी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं जेवणाची वेळ झाली म्हणून खिडकी लावून घेतली. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात एकच विचार होता, की घरी केव्हा पोचते. त्या अवस्थेत कोणालाही वाद घालता येत नाही.

तर मग वरचं बाथरूम. आमच्या घरात वर जायला सतरा पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यांना चढताना त्या सतरा आणि उतरताना चाळीस वाटतात. वर गेलं की बाथरूम लगेच येत नाही. आधी त्या दोघांची खोली येते आणि बाथरूम तिच्या पोटात. सूनबाईचं ऑफिस तिथेच टेबलावर आहे. नऊ ते सहा ती कंप्युटरसमोर बसून लोकांशी बोलते. पहिल्या दिवशी मी दार वाजवून आत गेले, तर कंप्युटरवर चौकोनाचौकोनात नऊ माणसं. सगळ्यांनी मला तिच्या पाठीमागून संडासाकडे जाताना पाहिलं. एकानं हात हलवला. मीही मान हलवली, उगीच उद्धट दिसायला नको. परत येताना ते सगळे तसेच बसलेले होते. मी किती वेळ लावला हे त्या नऊ जणांना माहीत आहे, हे मी अजून विसरलेली नाही.

सूनबाई कधी उर्मट बोलत नाही. भांडायला त्यामुळे फार त्रास पडतो. संध्याकाळी ती म्हणाली, आई, घर तुमचंच आहे, केव्हाही या. फक्त अकरा ते एक आणि तीन ते पाच जमलं तर नको. आणि तसा कागद करून तिनं तोही फ्रिजवर लावला. म्हणजे फ्रिजवर आता दोन कागद झाले. मी पाणी केव्हा प्यायचं ते एकावर, आणि वर केव्हा जायचं ते दुसऱ्यावर. मी दोन्ही शेजारी ठेवून जमवून बघितलं. दहाची रेघ प्याली तर साडेअकराला दार बंद. दोनची प्याली तर चारला दार बंद. ज्यानं ती बाटली बनवली त्यानं आमचं घर पाहिलेलं नव्हतं.

हेडमास्तरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी आपणहून सांगितलं, आमच्याकडे या. एकदा गेले. दार हेडमास्तरांनीच उघडलं. परवानगीचं कुठवर आलं हे विचारत ते मला थेट संडासाच्या दारापर्यंत पोचवायला आले आणि मी बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, छोटं बटण दाबलंत ना, मोठ्यानं दुप्पट पाणी जातं. त्यानंतर मी त्या घरात चमचाभर साखर मागायलाही गेले नाही.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पाणी प्यायचं सोडलं. सकाळी कपभर चहा, जेवताना अर्धा ग्लास. बावीस वर्षं सराव केलेली गोष्ट होती, दोन दिवसांत पुन्हा अंगवळणी पडली. दोनदिवसेचं म्हणणं एवढ्या एका बाबतीत खरं ठरलं.

राहिली बाटली. तिचं असं झालं, की स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी मुलानं बागेचा नळ तारेनं बांधून टाकला. बागेला आता फक्त वरून येणारं पाणी. म्हणजे साबण. मशिन लागलं की लिंबाच्या बुंध्याशी हा एवढा फेस यायचा, जणू झाडाची कोणी दाढी करतंय. आठ दिवसांत पानं पिवळी पडून आत वळली, दोन गुलाब गेले, पुदिना तर नुसता काळा चिखल झाला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, झाडांना सवय होईल. तेही त्याला कोणी तरी वाचायला दिलं होतं. माझ्याकडे रोज अडीच लिटर चांगलं, गाळलेलं पाणी येत होतं आणि मला ते नको होतं. तेव्हा रोज संध्याकाळी मुलगा यायच्या आधी मी ते फेसापासून लांब, दुसऱ्या बाजूनं, लिंबाच्या मुळाशी ओतायला लागले. आठची रेघ, दहाची रेघ, बाराची रेघ, सगळ्या एकदम. झाड घटाघटा प्यायचं. रिकामी बाटली टेबलावर. मुलगा यायचा, बाटली उलटी करून बघायचा, खूण करायचा आणि म्हणायचा, शाब्बास आई. मी काही बोलायची नाही. ते खोटंच होतं, मला कळत होतं. पण तो बाटलीला विचारत होता. मला त्यानं विचारलंच नव्हतं.

आणि सकाळी मीटर. अंघोळीच्या आधी, कुबड काढून, बॅटरी दातात धरून तो मीटरचं झाकण उघडायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. एवढ्या जवळून त्यानं कोणाकडे बघितलेलं मी पाहिलेलं नाही. स्वतः बादलीभर पाण्यात अंघोळ करायचा, हे मी सांगितलं पाहिजे. त्याची कळकळ खरी होती. ती खोटी असती तर माझं काम सोपं झालं असतं.

एकोणिसाव्या दिवशी मला हुडहुडी भरली. कमरेत कळ, लघवीला आग, डोळ्यांपुढे स्वयंपाकघर हळूहळू फिरतंय. मी ओट्याला पाठ टेकून खाली बसले. नशीब, की नर्स ड्यूटीवरून येताना लिंबं मागायला आली. तिनं माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पाणी किती पिता, तिनं विचारलं. मी फ्रिजवरच्या कागदाकडे बोट केलं. तिनं कागद बघितला, मग मला जीभ काढायला सांगितली, आणि तिनं जिभेवर विश्वास ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडात जंतू गेलेत, पाणी न पिण्यानं आणि लघवी अडवून ठेवण्यानं होतं असं. मुलगा म्हणाला, शक्यच नाही, रोज अडीच लिटर, आणि पाकिटातून घडी घातलेला फ्रिजवरचा कागद काढून दाखवला. येताना तेवढं त्याला बरोबर सुचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या खुणा शांतपणे बघितल्या आणि मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. परक्या माणसासमोर काय सांगणार? माझ्या संडासाचं भांडं लिंबाखाली आहे, हे?

बोलली ती सूनबाई. "मला वरून दिसायचं," ती म्हणाली. "आई रोज बाटली झाडाला घालायच्या. मला वाटलं, ती दुसरी बाटली असेल."

मग मुलगा म्हणाला, "आई, मग तू सांगायचंस ना."

त्या वाक्यावर मी चार दिवस पडल्यापडल्या विचार केला. वर सलाइनची बाटली लटकत होती. तिच्यावरही रेघा होत्या, पण ही मी नाही म्हटलं तरी आत जात होती. खाटेपासून संडास सहा पावलांवर, वाटेत कोणाची खोली नाही. मी पाणी प्याले, एवढं की नर्सा हसायला लागल्या. मुलगा रोज येऊन बसायचा, फळं सोलून द्यायचा, डोळे सुजलेले असायचे. तिसऱ्या दिवशी फोनमध्ये बघता बघता त्याच्या तोंडून निघून गेलं, की मीटर एकदम खाली आलंय. लगेच जीभ चावली त्यानं. पण मी ऐकलं होतं. मी घरी नव्हते, तेवढं पाणीही वाचलं होतं.

घरी आले तर संडास तसाच, कागद तसाच, भांडं लिंबाखाली. मुलगा म्हणाला, स्पर्धेचे आता सातच दिवस राहिलेत, ते झाले की पहिलं काम तुझं. त्याच दुपारी समोरची नर्स आली, तिच्या घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, मी असले नसले तरी या, खालीच आहे, एकही पायरी नाही. आयुष्यात पहिल्यांदा अशी किल्ली माझ्या हातात आली. मी ती पदराला बांधली. दिवसातून सहा वेळा मी गल्ली ओलांडायचे, मान ताठ ठेवून. हेडमास्तर मोजत असतील तर मोजू देत.

पहिला नंबर आमचाच आला. पाटी पितळेची, हाताएवढी. खात्यानं ती मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावानं कोरून आणली होती, पुढे "श्री." लावून. समारंभात मोठे साहेब म्हणाले, या ग्राहकांचा संयम सर्वांनी डोळ्यासमोर ठेवावा. मी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत त्यांनी खरोखरच थेंबभर पाणी वाया घालवलेलं नाही. मुलानं वडिलांच्या वतीनं पाटी घेतली आणि पाणी हेच जीवन यावर पाच मिनिटं बोलला. बोलताना मधे थांबून एक ग्लास प्याला. सभागृहात पाणी होतं.

रविवारी सकाळी पाटी लावायची ठरली. उंची सांगायला हेडमास्तर आले. मुलानं हॉलची भिंत निवडली, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल अशी. ड्रिल घेऊन स्टुलावर चढला. मी खुर्चीतून म्हटलं, "तिथे नको."

तो म्हणाला, "आई, तू बस. दगदग करू नकोस."

हेडमास्तर म्हणाले, बोटभर डावीकडे घ्या. डावीकडे नेमकी ती जागा. मी पुन्हा म्हटलं, "अरे, तिथे नको म्हणते ना."

"आई, प्लीज," तो म्हणाला, तसाच मागे न बघता.

मी बसले. त्यानं सांगितलं होतं बस म्हणून.

ड्रिल आत गेलं आणि भिंतीनं पिचकारी मारली. पहिली धार हेडमास्तरांच्या चष्म्यावर, दुसरी सोफ्यावर. मुलानं भोकावर तळहात दाबला, तर पाणी बोटांच्या फटींतून पंख्यासारखं चारी बाजूंना उडायला लागलं. सूनबाई धावत खाली आली. मेन व्हॉल्व्ह कुठे, मेन व्हॉल्व्ह कुठे. व्हॉल्व्ह माझ्या संडासात, फोडलेल्या फरशीच्या ढिगाखाली, दारावर खात्याचा कागद. वर टाकी सकाळचीच भरलेली. महिनाभर वाचवलेलं सगळं पाणी हॉलमधून उंबऱ्यापर्यंत निघालं होतं.

"आई, काय करू?" मुलगा म्हणाला. सबंध महिन्यात त्यानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट.

मी उठले. स्वयंपाकघरातून ग्लास आणला, त्याच्या कोपराखालून येणाऱ्या धारेला लावून भरला आणि उभ्याउभ्या प्याले. गार होतं, साबणाचा वास नव्हता. आणखी एक भरला, तोही संपवला. मग पदरानं तोंड पुसून त्याला सांगितलं:

"महिनाभर रोज सकाळी वाकून मीटरचं तोंड बघितलंस. माझं बघितलं असतंस तर खालचा संडास बांधून द्यावा लागला असता, आणि मग पाटी मिळाली नसती. दवाखान्यात म्हणालास, सांगायचंस ना. आत्ता दोनदा सांगितलं. तुला ऐकायचंच नसतं, तू फक्त वाचतोस. आता ती पाटी उचल, भोकावर दाबून धर आणि प्लंबर येईपर्यंत बापाच्या नावाला टेकून असाच उभा राहा. मी समोर जाऊन येते. दोन ग्लास पाणी प्यालेय."